चौघांचं गाणं, चौघांची नावं

हे बघ राणी, तुझा लांबलचक मेसेज मी नीट वाचला. आवाज कसा लागला, मिक्सिंग कुठे अडलंय, मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवाला कोणतं गाणं पाठवायचं, सगळं तू सविस्तर लिहिलंस. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ टाकलीस: ड्रमर दोन आठवडे जॅमला येत नाहीये. मला विचारशील तर सगळ्या मेसेजमधली महत्त्वाची ओळ तीच आहे.

मग मी यूट्यूबवर तुमचं गाणं उघडलं. खाली शब्द म्हणून तुझं नाव, संगीत म्हणून गिटारवाल्याचं, आणि बाकीचे दोघे 'साथ' या एका शब्दाखाली. ज्याच्या बाबांच्या गोदामात तुम्ही फुकट प्रॅक्टिस करता, ज्याने ठेका बदलला तेव्हा कुठे त्या गाण्यात जीव आला असं तूच मला सांगितलं होतंस, त्याचं नाव साथीला. तो भांडला नाही, यायचा बंद झाला. अबोल माणूस असाच निघून जातो गं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून आज तुला आर.ई.एम. या बँडची गोष्ट सांगते. त्यांचं 'लूझिंग माय रिलिजन' तू ऐकलेलं आहेस, पण ते चौघं तिथवर कसे पोचले हे तुझ्या वयाच्या प्रत्येक बँडने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणून पुढे जे नावारूपाला आलं, त्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत हे चौघं अगदी पुढे होते.

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. युनिव्हर्सिटीचं गाव. बी-फिफ्टीटूज नावाचा बँड याच गावातून निघून गाजला होता, त्यामुळे पोरांच्या डोक्यात संगीताचं वारं होतंच. पीटर बक तिथल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. मायकल स्टाइप युनिव्हर्सिटीत शिकायचा आणि त्या दुकानात रेकॉर्ड घ्यायला यायचा. दोघांची आवड जुळली. बिल बेरी आणि माइक मिल्स हे मेकन या गावात शाळेपासून एकमेकांना ओळखणारे, आणि सुरुवातीला त्यांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. एका मैत्रिणीमुळे चौघं एकत्र आले, आणि 5 एप्रिल 1980 ला तिच्याच वाढदिवसाच्या पार्टीत पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. जागा होती एक जुनं चर्च, ज्यात प्रार्थना कधीच्या बंद झाल्या होत्या आणि पोरं भाड्याने राहत होती. आज त्या चर्चचा फक्त मनोरा शिल्लक आहे. बँडला धड नावही नव्हतं. पुढे डिक्शनरी चाळता चाळता 'आर.ई.एम.' सापडलं आणि तेच राहिलं.

पुढचं दीड वर्ष एका जुन्या व्हॅनमधून दक्षिणेतली गावं पालथी घालण्यात गेलं. 1981 साली त्यांनी मिच ईस्टर नावाच्या निर्मात्याच्या स्टुडिओत 'रेडिओ फ्री युरोप' रेकॉर्ड केलं. स्टुडिओ म्हणजे काय, तर त्याच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज. हिब-टोन नावाच्या चिमुकल्या कंपनीने त्याच्या पहिल्या फक्त 1000 प्रती काढल्या. पण त्या कॉलेज रेडिओवर पोचल्या. तिकडे युनिव्हर्सिट्यांची स्वतःची रेडिओ केंद्रं असतात, विद्यार्थीच ती चालवतात, आणि मोठी केंद्रं ज्याला हात लावत नाहीत ते तिथे वाजतं. गावोगावच्या त्या पोरापोरींनी आर.ई.एम.ला आपलं मानलं. ते गाणं 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वर्षातल्या दहा उत्तम सिंगल्समध्ये आलं.

आता मी ज्यासाठी ही गोष्ट काढली तिथे येते. या चौघांनी हाती काही नसतानाच ठरवून टाकलं की प्रत्येक गाण्याखाली चारही नावं जाणार: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने, म्हणजे पहिलं कोण हाही वाद नको. पैसा येईल त्याचे चार समान भाग. आणि कुठल्याही निर्णयाला चौघांपैकी एकानेही नाही म्हटलं, तर तो निर्णय बारगळणार. बहुमत वगैरे काही नाही.

तू लगेच म्हणशील, ताई, पण शब्द तर मीच लिहिते. मान्य. अगं, तिथेही शब्द जवळपास सगळे स्टाइपच लिहायचा. गाणारा तोच, लोकांच्या डोळ्यांत भरणारा तोच. तरी त्याचं नाव चारांतलं एक. यातून त्याला काय मिळालं ते बघ. नावं आधीच ठरलेली असली की प्रॅक्टिसला वाद होतो तो गाणं चांगलं आहे की नाही यावर. कोणाची चाल घ्यायची यावर जेव्हा पैसा आणि नाव अवलंबून असतं, तेव्हा प्रत्येकजण आपलीच चाल पुढे रेटतो, मग ती पडेल का असेना. आणि ज्याच्या वाट्याला काहीच येणार नसतं तो सुचलेलं बोलूनच दाखवत नाही.

याचा पुरावा हवा तर 'एव्हरीबडी हर्ट्स' ऐक. 1992 च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' अल्बममधलं. कोलमडलेल्या माणसाला धीर देणारं ते गाणं मुख्यतः कोणी रचलं ठाऊक आहे? बिल बेरीने. ड्रमरने! आणि त्या गाण्यात बराच वेळ ठेका धरतं ते ड्रम मशीन, बेरीचे स्वतःचे ड्रम फारसे नाहीतच. त्याने गाणं आणलं आणि गाण्यासाठी स्वतःचं वाद्य बाजूला ठेवलं. ज्या बँडमध्ये ड्रमर म्हणजे नुसती साथ, तिथे हे गाणं जन्मालाच आलं नसतं. तुमच्या ड्रमरच्या डोक्यात काय काय असेल, कधी विचारलंस का त्याला?

नकाराचा हक्कही किती कामाला आला बघ. पहिल्या अल्बमच्या वेळी कंपनीने, आय.आर.एस.ने, त्यांना स्टीफन हेग नावाच्या निर्मात्याकडे पाठवलं. तो एकच गाणं परत परत वाजवून घ्यायचा, अगदी काटेकोर ठेका हवा म्हणून. सगळ्यात जास्त खचला तो बेरी. वर हेगने टेप बोस्टनच्या एका स्टुडिओत नेऊन, न विचारता त्यात कीबोर्ड भरले. चौघं कंपनीकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला मिच ईस्टरच पाहिजे. नवखा बँड, पहिला अल्बम, आणि तरी ठाम राहिले, कारण चौघांचं एकमत होतं. ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्याबरोबर त्यांनी 'मर्मर' केला. लांबलचक गिटार सोलो नाहीत, त्या काळी जिकडेतिकडे वाजणारे सिंथेसायझर नाहीत, स्टाइपचे शब्दही पुरते कळत नाहीत. एप्रिल 1983 मध्ये तो आला, अमेरिकेच्या यादीत 36 व्या क्रमांकापर्यंत चढला, आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' त्याच शर्यतीत होता बरं का.

आणि तुम्हाला नाशिक सोडून मुंबई गाठायची जी घाई झालीय ना, त्याबद्दलही सांगते. 'मर्मर'नंतरही हे चौघं न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला जाऊन बसले नाहीत. मुक्काम अथेन्सलाच. वर्षाला एक अल्बम आणि बाकी वेळ रस्त्यावर. पहिल्या दहांत शिरले ते 1987 साली, पाचव्या अल्बमला. 1988 साली वॉर्नर ब्रदर्सशी करार केला तेव्हा जास्त पैसे देणाऱ्या कंपन्या होत्या, पण संगीतात ढवळाढवळ करणार नाही ही हमी वॉर्नरने दिली म्हणून त्यांनी वॉर्नर निवडली. 1991 साली 'आउट ऑफ टाइम' पहिल्या क्रमांकावर गेला. वाढदिवसाच्या त्या पार्टीनंतर 11 वर्षांनी. त्यातल्या 'लूझिंग माय रिलिजन'ची धून बकला टीव्हीसमोर बसून नव्या मॅन्डोलिनवर हात बसवताना मिळाली. टेप चालू होता, दुसऱ्या दिवशी ऐकलं तर मधे ती धून. त्या गाण्याचा व्हिडिओ केला आपल्या जालंधरच्या तरसेम सिंगने, आणि एमटीव्हीचा त्या वर्षीचा सर्वोत्तम व्हिडिओ तोच ठरला. 11 वर्षं एकत्र टिकले म्हणून ते त्या धुनेपर्यंत पोचले. चौथ्या वर्षी रुसवेफुगवे होऊन पांगले असते, तर बकने ती धून कोणाला ऐकवली असती?

एक मात्र आत्ताच सांगते. या चौघांनी बँडसाठी कॉलेज सोडलं होतं, पण ते वाचून तू तसलं काही मनात आणू नकोस. तुझं शेवटचं वर्ष आहे, ते पूर्ण कर. डिग्री हातात असली की कुठल्याही कंपनीला नाही म्हणायची ताकद वाढते.

आता काय करायचं ते ऐक. आधी यूट्यूबवरची नावं बदल. चौघांची, बाराखडीने. मग ड्रमरकडे जा, फोन नको, समोर जा. सारवासारव करू नकोस. चुकलं म्हण, आणि त्याला बोलू दे.

त्यानंतर चौघं बसा आणि साध्या कागदावर लिहा. गाण्याखाली नावं कोणाची आणि वाटा किती. गिगचे पैसे आले की आधी प्रवास, गिटारच्या तारा, ड्रमची कातडी, दुरुस्ती यांचा खर्च निघेल, काही भाग बँडच्या खात्यात राहील, उरलेलं वाटलं जाईल. कोणत्या गोष्टींना चौघांचा होकार लागेल. आणि कोणी बँड सोडला तर जुन्या गाण्यांतला त्याचा वाटा राहणार का, बँडचं नाव कोणाकडे राहणार. हा शेवटचा मुद्दा काढायला तुम्हाला जड जाईल, तरी काढा. आर.ई.एम.चा बर्टिस डाउन्स हा तिथल्याच युनिव्हर्सिटीत कायदा शिकणारा मित्र होता, पुढे तोच त्यांचा वकील झाला. तुमच्यातही लॉ करणारं कोणी असेलच, त्याला एकदा कागद दाखवा.

मग गाणी आयपीआरएसकडे नोंदवा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था मुंबईत आहे. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला, त्यामुळे कंपनीला गाणं लिहून दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क जात नाही. पण नोंदीत ज्याचं नाव त्यालाच पैसे. तिथे गीतकार असतो, संगीतकार असतो. ड्रमवाला किंवा बासवाला म्हणून वेगळी जागा नसते. तुम्ही स्वतःहून त्यांना संगीतकारांत धरलं तरच ते धरले जातील.

समान वाटा म्हणजे समान मेहनत, हेही स्पष्ट बोला. कोणी फक्त गिगच्या दिवशी उगवत असेल तर ते तोंडावर सांगा. चर्चेअंती वाटे कमीजास्त ठरले तरी चालतील, पण चौघांच्या तोंडून ठरलेले असू देत.

या सगळ्याचं फळ काय, तर बिल बेरी. 1 मार्च 1995 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, ऐन कार्यक्रमात त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. ऑपरेशन झालं, तो वाचला, मे महिन्यात पुन्हा वाजवू लागला. पण 1997 साली त्याने सांगितलं की आता पुरे, मला शेती करायची आहे. आणि अट घातली: माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही. उरलेले तिघं पुढे चालले. ड्रमर भाड्याने आणले, पण चौथा सदस्य म्हणून कोणालाच घेतलं नाही. 2011 साली त्यांनी राजीखुशीने बँड थांबवला, कोर्टकचेरी नाही की चिखलफेक नाही. 2024 साली गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा सन्मान झाला, तेव्हा चौघं एकत्र उभे राहून वाजवत होते. बेरी धरून.

ती कागदाची बैठक मूड इंडिगोचा फॉर्म भरायच्या आधी झाली पाहिजे. उद्या बक्षीस मिळालं, एखाद्या कंपनीचा फोन आला, तर त्यानंतर जी बैठक होईल ती वाटणीची असेल, आणि वाटणीला बसलेला माणूस आधी आपलं ताट बघतो. आज तुमच्या चौघांकडे मिळून वाटण्यासारखं काहीच नाही. एकमेकांना मोकळ्या हाताने देण्याची हीच वेळ आहे, राणी. ती दवडू नकोस.

तुझी,
ताई