पाहुण्यांसाठी खव्याची पोळी

घरी पाहुणे यायचे आहेत. गोड काय करावे? खव्याची पोळी करावी. दूध घरचे असले, तर खर्चही फारसा येत नाही.

एक लिटर म्हशीचे दूध जाड बुडाच्या कढईत आटवावे. सारखे ढवळावे. बुडाला लागू देऊ नये. सुमारे 200 ग्रॅम खवा निघतो. गाईच्या दुधाचा थोडा कमी निघतो. खवा गार झाला की त्यात 100 ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड मिसळावी. गरम खव्यात साखर घालाल, तर ती विरघळते. सारण पातळ होते आणि पोळी फुटते.

कणकेत तेलाचे मोहन घालून ती मऊ भिजवावी. उंड्यात सारण भरून तोंड नीट मिटावे. हलक्या हाताने लाटावे. मंद आचेवर भाजून तूप लावावे.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. आपल्या मराठवाड्यातले कुंथलगिरी खव्यासाठी नावाजलेले आहे. पण सगळाच विकतचा खवा चांगला नसतो. कोणी कोणी त्यात पीठ मिसळतात. तेव्हा पारख करा. चिमूटभर खवा पाण्यात उकळा. गार झाल्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला, की समजा पीठ आहे. हे पाणी फेकून द्यावे बरे का, चाखू नये.

जालन्याच्या उन्हाळ्यात खवा लवकर बिघडतो. आंबट वास आला, तर लोभ धरू नका, टाकून द्या. जेवून पाहुणा आजारी पडला, तर तो पाहुणचार कसला?

हिशेब करा : तीन लिटर म्हशीच्या दुधाचा खवा किती होईल?