वाळूचा डोंगर संगणकात

मॅप रीडिंगसाठी केलेले सँड मॉडेल आमच्याकडे तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी पुढचा हाउस फावडी घेऊन हजर होतो. या सत्रात मॉडेल मोडण्याआधी आम्ही त्याची त्रिमितीय प्रत घेतली, तीही एका जुन्या किनेक्टने. एक्सबॉक्स 360 वर खेळण्यासाठी 2010 मध्ये आलेले हे यंत्र आता बनत नाही, त्यामुळे जुने स्वस्तात मिळते. संगणकाला जोडायला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तेवढे घेताना पाहा.

किनेक्टचे गणित आपल्या इंटरसेक्शनचेच. दोन माहीत असलेल्या ठिकाणांवरून बेअरिंग घेतले की तिसरे सापडते. 1802 मध्ये लॅम्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताचे त्रिकोण सुरू केले, ते याच नियमाने. किनेक्टमधला प्रोजेक्टर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकतो. साडेसात सेंटिमीटरवरचा कॅमेरा ठिपके किती सरकले ते पाहतो आणि त्यावरून अंतर निघते. आधाररेषा एवढीशी असल्यामुळे अंतर दुप्पट झाले की चूक साधारण चौपट होते. म्हणून आम्ही मीटरभर अंतरावरच राहिलो. सेकंदाला 30 चित्रे येतात. सॉफ्टवेअर ती एकमेकांवर बसवून सलग पृष्ठभाग तयार करते.

पहिला प्रयत्न भर दुपारी उघड्यावर केला आणि पडद्यावर काहीच आले नाही, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडमध्ये ठिपके बुडून गेले. अंधार पडल्यावर छान जमले. मात्र सपाट मैदानावर सगळीकडे सारखेच दिसत असल्याने सॉफ्टवेअर वाट चुकायचे. तिथे मेसमधले मग उलटे ठेवले, तेव्हा ते ठिकाणावर आले. तळ्यासाठी ठेवलेल्या आरशाच्या जागी भोक पडले. गंमत म्हणून पॉलिश केलेला बूटही स्कॅन केला, त्याची तर चाळणीच झाली. काळा रंग किरण शोषतो, चकाकी ते भलतीकडे परतवते. उस्ताद खूश, स्कॅनर नाराज!

खरा उपयोग नंतर कळला. मेशलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचे आडवे काप काढले की कंटूर मिळतात. ते आम्ही नकाशाशेजारी ठेवले. नकाशात चौथी कंटूर दोन टेकड्यांभोवती दोन वेगळी कडी करते. आमच्या मॉडेलमध्ये दोन्ही टेकड्यांभोवती मिळून एकच कडे आले, म्हणजे मधली खिंड आम्ही जास्त उंच बांधली होती. तिच्यामागचा नाला शत्रूच्या चौकीवरून दिसत नाही, असे आम्ही ब्रीफिंगमध्ये ठणकावून सांगितले होते आणि सेक्शन तिथूनच पुढे नेला होता. नकाशातल्या उंचीने रेषा काढून पाहिली, तर निम्मा नाला चौकीला उघडा दिसतो.

ब्रीफिंगला चांगले गुण मिळाले होते. तरी दोन्ही चित्रे सरांना नेऊन दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "शनिवारी ब्रीफिंग पुन्हा. मार्ग नवा शोधा."