मधुमेहात भाकरी नव्हे, पीठ मोजा

आर्णी भागात ज्वारीची भाकरी जेवणात नेहमीची. तांदळापेक्षा ज्वारीत तंतुमय भाग जास्त असतो, म्हणून मधुमेहात ती बरी. परंतु ती हवी तितकी खावी, असे मात्र नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे ४१ ग्रॅम, तर १०० ग्रॅमच्या भाकरीतून ६८ ग्रॅम कर्बोदके मिळतात. आपण दोन्हींना ‘एक भाकरी’च म्हणतो!

पाण्यामुळे भाकरीचे वजन बदलते, म्हणून कोरडे पीठ मोजावे. ३० ग्रॅम पीठ एकदा तोलून वाटीत भरावे, वाटीला खूण करावी व तेच माप ठेवावे. जेवणात अशी किती मापे घ्यायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. सोबत भात घेतल्यास भाकरीचे पीठ तेवढे कमी करावे.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास आपल्या मनाने भाकरी एकदम कमी करू नये. निंदणी, वेचणीच्या दिवशी उपाशी राहू नये. घाम, थरथर, चक्कर ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी काम थांबवून १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी.