जुन्या स्पीकरचा खरा भाव

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी किंवा ब्रिटिश बुकशेल्फ जोडी दिसली की मोह होतोच. भक्कम लाकडी पेटी आणि भाव नव्याच्या निम्मा! पण त्या भावात दुरुस्ती मिळवल्याशिवाय नव्या जोडीशी तुलना करू नका.

आधी जाळी काढायला लावा. वूफरच्या कोनभोवतीची कडा फोमची असेल तर तिला हलकेच बोट लावून बघा. हा फोम पंधरा-वीस वर्षांत विरतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर आणखी लवकर. बोटाला काळा चिकट भुगा लागला की दोन्ही कडा बदलण्याचे साधारण दोन ते चार हजार धरा. रबरी किंवा कापडी कडा बरीच जास्त टिकते. मग चारही बाजूंनी सारखा दाब देत कोन अलगद आत दाबा. आतून खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल घासते आहे. अशी जोडी घेऊच नका.

ट्वीटर तपासायला तंबोऱ्यासारखं दुसरं काही नाही. ख्यालाचं एखादं ध्वनिमुद्रण लावा, बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. एका बाजूला जवारीची झणझण हरवून नुसता घुमारा उरला, तर त्या बाजूचा ट्वीटर गेलाय किंवा क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर थकलाय. कपॅसिटर हजार-दीड हजारात बदलून होतात. मूळ ट्वीटर मिळणं मात्र कठीण. यामाहाला एनएस-10 या स्पीकरचं उत्पादन 2001मध्ये थांबवावं लागलं, कारण वूफरच्या कोनला लागणारा लगदा मिळेनासा झाला. जिथे कंपनीच अडली, तिथे आपला कारागीर काय करणार?

नवी पॅसिव्ह जोडी साधारण 15 ते 35 हजारांत येते, वॉरंटीसकट. तिला ॲम्प्लिफायर लागतो, हे विसरू नका. घरातला ॲम्प्लिफायर लहान असेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी नक्की बघा: 3 डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस3/5ए माणसाचा आवाज अप्रतिम दाखवतो, पण त्याची सेन्सिटिव्हिटी जेमतेम 83. आजच्या बऱ्याच जोड्या 85 ते 88च्या असतात.

माझं मत स्पष्ट आहे. ॲम्प्लिफायर नसेल आणि हातात दहा-पंधरा हजारच असतील, तर आतच ॲम्प्लिफायर असलेली नवी पॉवर्ड जोडी घ्या. ॲम्प्लिफायर असेल आणि पहिलीच खरेदी असेल, तर नवी पॅसिव्ह. जुनी जोडी दुरुस्तीसकट नव्याच्या दोन तृतीयांशात पडत असेल आणि ओळखीचा भरवशाचा कारागीर असेल, तरच घ्या. पण फोटो पाहून कुरिअरने कधीच मागवू नका. जड मॅग्नेटला वाटेत जोराचा दणका बसला तर तो सरकतो, कॉइल अडकते, आणि दोष कुणाचा यावर विक्रेता नि कुरिअरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.