जठरातला जंतू आणि लिम्फोमा

प्रश्न : वडिलांना जठराचा ‘माल्ट लिम्फोमा’ निघाला. डॉक्टरांनी केमोथेरपीऐवजी दोन आठवड्यांची अँटिबायोटिक्स दिली. कॅन्सर अशाने बरा होतो का?

उत्तर : या प्रकारात, सुरुवातीच्या टप्प्यात, बहुतेकदा होतो.

निरोगी जठरात लसिका-ऊती जवळपास नसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला की त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी तिथे जमतात. सततच्या चिथावणीने क्वचित एखाद्या रुग्णात त्यांतल्या बी-पेशी बेसुमार वाढू लागतात; त्यांची गाठ म्हणजेच हा लिम्फोमा. जंतू मेला की चिथावणी थांबते आणि गाठही ओसरते.

लंडनच्या पीटर आयझॅक्सन, अँड्र्यू वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांना १९९१मध्ये अशा ११० पैकी ९२ टक्के रुग्णांत हा जंतू सापडला. १९९३मध्ये त्यांनी सहा रुग्णांवर केवळ अँटिबायोटिक्सचा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पाच जणांची गाठ नाहीशी झाली होती.

सर्वांनाच हा गुण येत नाही. ११ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेल्या गाठी सहसा दाद देत नाहीत. तिथे रेडिएशन किंवा इतर औषधे लागतात.

गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासचाचणी किंवा शौचतपासणी करून जंतू गेल्याची खात्री करावी. गाठ विरायला कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे ठरलेली प्रत्येक एन्डोस्कोपी करून घ्यावी.