बहराची चिंता आणि तवक्कुल

रिद्धपूर ज्या मोर्शी तालुक्यात आहे, तो तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. मृग बहर घ्यायचा असेल तर येथील बागायतदार उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतो, बाग ताणावर सोडतो. पाने मलूल होतात. पुढे मृगाचा पाऊस पडला की झाडे फुलावर येतात. पाणी केव्हा तोडावे हे त्याच्या हाती आहे. पाऊस केव्हा पडावा हे नाही. पाऊस लांबला तर बहर हुकतो आणि वर्षाची मिळकत जाते. डोक्यावर कर्ज असलेल्या अशा माणसाला 'चिंता करू नका' एवढेच सांगून भागत नाही.

इस्लामने यावर तवक्कुलची, म्हणजे अल्लाहवर भिस्त ठेवण्याची शिकवण दिली आहे. तवक्कुल म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू का, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले, अशी हदीस तिर्मिजीत आहे. सूरह वाकिआमध्ये अल्लाह माणसाला त्याच्या पेरणीविषयी विचारतो की, ते पीक उगवणारा तो आहे की आम्ही? पेरणी माणसाची, उगवण अल्लाहची. जे आपल्याकडे सोपवलेलेच नाही, त्याचा कारभार आपण मनाने चालवू लागतो, तेथे चिंता माणसाला पोखरू लागते.

सूरह यूसुफमधील हजरत याकूब (अलै.) यांचे उदाहरण पाहा. मुले इजिप्तला निघाली, तेव्हा सर्वांनी एकाच दरवाजाने आत जाऊ नये, अशी दक्षता त्यांनी घेतली. त्याच वेळी, अल्लाहच्या निर्णयापुढे माझा उपाय चालणार नाही, हेही त्यांनी सांगितले. पुत्रवियोगाने रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. म्हणून दुःख होणे हा ईमानचा अभाव नव्हे. परंतु त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडले आणि मुलांना यूसुफचा शोध घेण्यास धाडताना अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका, असे बजावले. अश्रू, प्रयत्न आणि आशा एकाच हृदयात नांदू शकतात.

प्रेषित (स.) चिंता व दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागत, त्याच दुआत आळसापासून आणि कर्जाच्या ओझ्यापासूनही आश्रय मागत. तेव्हा कर्जाची काळजी अल्लाहपुढे मांडण्यात संकोच कसला?

वाचकहो, इशाच्या नमाजनंतर क्षणभर स्वतःला विचारावे: आज माझ्या वाट्याचे काम मी केले काय? राहिले असेल तर उद्या करावे. कर्ज घरच्यांपासून लपवू नये. त्यांच्याशी मशवरा करावा. उरलेले अल्लाहच्या स्वाधीन करावे. तवक्कुल हे पाऊस वेळेवर पडेलच याचे आश्वासन नव्हे. पाऊस पडो वा न पडो, आपला रब आपल्याला विसरलेला नाही, हा तो विश्वास आहे. बहर हुकला तरी झाड उभे असते. माणसानेही उभे राहावे.