झाड माझं, हट्ट काकांचा

कॉलनीत अजून कुजबुज चालते, "यांच्या कुंपणावर विषारी वेल आहे." आहेच. ही कळलावी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यात आपोआप उगवते. आमच्या ऊर्जानगरात वीज केंद्राची राख झेलतही तिला पिवळी-लाल फुलं येतात, येणारा-जाणारा थांबून बघतो.

शेजारचे काका फुलांसाठी थांबले नव्हते. "ताई, याचा कंद गाठीवातावर रामबाण." मी कुंपणाशीच बजावलं, "काका, हे विष आहे. आयुर्वेदही याला उपविषांत धरतो." ते हसले. "तुम्हा शिकलेल्यांना झाडपाला काय कळतो!"

मग एका पहाटे काकू दारात. काकांना रात्रीपासून ओकाऱ्या, जुलाब, घशात आग. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय खाल्लं? काका म्हणतात, "वांग्याची भाजी." सलाईन लागलं. मी घरी परतले तर वेल माना टाकून लोळलेली, बुडाशी ताजा खड्डा, नांगराच्या फाळासारखा कंद गायब! तीच वेल पिशवीत कोंबून डॉक्टरांसमोर ठेवली. तेव्हा कुठे काका पुटपुटले, "थोडासाच उगाळून घेतला."

वाचले. पण पुढे रक्तातल्या पेशी घसरल्या, केस मूठमूठ गळाले. आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं काय? "ताईंनी कधी सांगितलंच नाही."

म्हणून आता सगळ्यांनाच सांगते. कळलावीत कोल्चिसिन असतं. गाऊटच्या गोळीतही तेच असतं, पण अर्धा मिलिग्रॅम, मोजून. कंदात किती आहे हे उगाळणाऱ्याला कळत नाही, आणि उकळून ते जातही नाही. बियाही तितक्याच घातक. वैद्य कंद गोमूत्रात शुद्ध करून वापरतात. ते घरी करायचं काम नाही. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून कुणी कंद सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी ओकारीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. त्रास काही तासांनी सुरू होतो. झाडाचा तुकडा सोबत न्या. ओकाऱ्या थांबल्या म्हणून पेशंटला घरी आणू नका, खरा घात नंतरच्या दिवसांत होतो. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

कंद काढताना हातमोजे घाला. मुलं, शेळ्या लांब ठेवा. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, हे तर सगळेच सांगतात.

आणि शेजाऱ्याला समजवायचंच असेल तर चार माणसांदेखत समजवा. नंतर त्याला काही आठवत नाही.